विसाव्याचा अधिकार

सरकारी नोकरीत शिरलेल्या प्रत्येकास पहिल्या काही महिन्यांतच एक सत्य उमगते, आणि ते त्यास कोणा तत्त्ववेत्त्याने नव्हे, तर नियमपुस्तकाने शिकविलेले असते : रजा ही हक्क म्हणून मागावयाची वस्तू नव्हे. १९२२ पासून अंमलात आलेल्या मूलभूत नियमांत हे तत्त्व होते, आणि केंद्रीय नागरी सेवांच्या १९७२ च्या रजा-नियमांतही ते सातव्या नियमाच्या आरंभीच आहे. रजा आपल्या खाती जमा होते. जानेवारीत पंधरा दिवस आणि जुलैत पंधरा दिवस अशी ती शिस्तीने साचत राहते. तीनशे दिवसांपर्यंत साठविली तर निवृत्तीच्या वेळी तिचे रोख पैसेही मिळतात. म्हणजे ती आपली आहे, तिची किंमतही ठरलेली आहे, आणि तरीही ती हक्काने मागता येत नाही! या विसंगतीची थट्टा आपण सर्वांनी कचेरीत चहाच्या वेळी केलेली आहे. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, नियम लिहिणाऱ्याच्या मनात प्रशासनाच्या सोयीपलीकडे काही नसेलही, परंतु त्याच्या लेखणीतून एक खरा नैतिक प्रश्न उतरला आहे. विसावा हा माणसाचा हक्क आहे काय? आणि असेल, तर तो वसूल कोणाकडून करावयाचा?

याच नियमसृष्टीत दुसरी एक मौज आहे. १९५६ साली केंद्र सरकारने रजा-प्रवास सवलत सुरू केली ती मुळात परगावी नेमलेल्या माणसास आपल्या गावी जाऊन येता यावे म्हणून. त्यासाठी प्रत्येकाने आपले स्वग्राम कोणते ते लिहून द्यावयाचे असते, आणि एकदा लिहून दिलेले स्वग्राम साऱ्या सेवाकाळात एकदाच बदलता येते. आता स्वग्राम म्हणजे काय? कवीला विचारले तर तो आठवणींचे गाव म्हणेल. सरकारने लावलेली पहिली कसोटी मात्र फार वेगळी आहे : कौटुंबिक व सामाजिक कर्तव्ये पार पाडण्यासाठी जेथे तुम्हांस अधूनमधून स्वतः हजर राहावे लागते, ते तुमचे गाव. घरदार, आप्तेष्ट, पूर्वीचे वास्तव्य या गोष्टी त्यानंतर येतात. जेथे आपण काही देणे लागतो तेच आपले गाव, असा याचा अर्थ झाला. इतकी गंभीर व्याख्या एखाद्या कारकुनी टिपणीत सापडावी, हे मला नेहमीच सुखद आश्चर्य वाटत आले आहे.

परंतु सवलतीस दुसराही एक रकाना आहे, तो 'भारतात कोठेही' असा. चार वर्षांच्या गटात एकदा स्वग्राम सोडून वाटेल तेथे जाता येते. हा रकाना भरताना कोणी आपणांस विचारीत नाही की, त्या गावाशी तुमचे नाते काय, तुम्ही त्याचे काय देणे लागता. तेथे आपण निव्वळ विसाव्यासाठी जातो. देण्याघेण्याच्या साऱ्या बंधनांतून सुटलेली अशी एखादी जागा पृथ्वीच्या पाठीवर असू शकते काय, हाच या लेखाचा विषय आहे.

या खेपेस मी त्या रकान्यात मालवण लिहिले. माझे स्वग्राम देशावरचे. तेथे नदी आहे पण तीत वर्षातले आठ महिने पाणी नसते. आमच्या मयूर विहारातून निजामुद्दीन स्थानक फार दूर नाही, यमुना ओलांडली की आलेच. आणि तेथून निघणारी मंगला एक्स्प्रेस १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गाने थेट समुद्राच्या शेजारून दक्षिणेस जाते. फेब्रुवारीचे दिवस होते. दिल्लीत अजून गरम कपडे उतरले नव्हते आणि मालवणात लोक उन्हापासून डोके झाकून चालत होते.

त्या आठ दिवसांत आम्ही काय केले असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे, कारण आम्ही काहीच केले नाही. धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग पाहून आलो, एवढाच काय तो उद्योग. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधावयास घेतला आणि तो तीन वर्षांत उभा राहिला; आमच्या वसाहतीच्या फाटकाची दुरुस्ती किती वर्षे चालली हे आठवून मी तटावर हात ठेवून थोडा वेळ गप्प उभा राहिलो. बाकीचा वेळ दांडीच्या किनाऱ्यावर, नाहीतर चिवल्याच्या माडांखाली गेला. सकाळी समुद्र शाईसारखा निळा आणि दुपारी कथलासारखा पांढरा दिसे. जेवणात बांगड्याचे तिखले किंवा तिसऱ्यांचे सुके, एखादे दिवशी खतखते, आणि शेवटी सोलकढी. मग अशी झोप की, उठल्यावर आपण कोण व आपली वेतनश्रेणी कोणती याचा क्षणभर बोध होऊ नये. असा विसावा ज्याने अनुभवला नाही त्याने विश्रांतीवर व्याख्याने देऊ नयेत, आणि ज्याने अनुभवला त्याने तो खोटा होता असे म्हणू नये. तो खरा होता. पुढे मी जे लिहिणार आहे ते या सुखाविषयी पश्चात्ताप म्हणून नव्हे. सुख खरे होते म्हणूनच ते कशावर उभे होते हे पाहणे अगत्याचे वाटते.

किनाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र असते त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी कामाची असते. वाळूवर पसरलेले जाळे वाळत घातलेले असते, त्याची भोके शोधीत एक म्हातारा बसलेला असतो. ओढून ठेवलेली होडी रंगाच्या सौंदर्यासाठी तेथे नसते. पहाटे दूरवर लुकलुकणारे दिवे हे रात्रभर न झोपलेल्या माणसांचे असतात. आपण ज्यास देखावा म्हणतो ते दुसऱ्याचे कामाचे ठिकाण असते. हे मालवणातच घडते असे नाही. मयूर विहाराच्या पश्चिम अंगास यमुनेचे खादर आहे. संध्याकाळी आमच्या गच्चीवरून ती हिरवी पट्टी दिसली की डोळ्यांस गारवा वाटतो, आणि आमच्यापैकी बहुतेकांना ती हिरवळ म्हणजे भाजीपाल्याचे वाफे आहेत, त्यांत माणसे वाकलेली आहेत, हे ठाऊक असूनही दिसत नाही. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेचे पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले, पूर्वीचे सारे उच्चांक मोडले. त्या दिवसांत खादरातील कुटुंबे गुराढोरांसह मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली येऊन राहिली. तेव्हा प्रथमच तो देखावा चालत आमच्या फाटकापर्यंत आला आणि त्यास चेहरे आहेत हे कळले. पाणी ओसरल्यावर माणसे परत गेली, आणि गच्चीवरून पुन्हा हिरवी पट्टी दिसू लागली.

आता रापणीविषयी लिहितो, कारण या प्रश्नाचे मर्म मला तेथे दिसले. रापण ही या किनाऱ्यावरील मासेमारीची जुनी रीत. लांबच लांब जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्यास आणून लावते. मग दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसे उभी राहतात आणि तालावर मागे सरत सरत जाळे ओढू लागतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. एका रापणीत कित्येक घरांचे वाटे असतात आणि मिळालेली मासळी त्या वाट्यांप्रमाणे विभागली जाते. आम्ही पाहत उभे होतो. दोराच्या शेवटी जागा दिसली म्हणून मीही हात लावला. हौस म्हणूनच लावला हे उघड आहे. माझ्या पुढचा गृहस्थ मागे न पाहताच म्हणाला, "काकानू, नुसती धरू नकात, वढा!" मी ओढले. अर्ध्या तासात तळहात लाल झाले आणि कमरेने आपल्या अस्तित्वाची जाणीव दिली. जाळे आले, त्यात तारली होती, पेडवे होते, थोडे बांगडे होते, जाणत्यांच्या मुद्रेवरून ती कमाई बेताचीच असावी. वाटे पडू लागले तेव्हा आम्ही परत निघालो, तोच त्या गृहस्थाने हाक मारून चार बांगडे पुढे केले. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "ह्यो तुमचो वाटो. दोरयेक हात लायलास मां?"

हे चार बांगडे मला अद्याप पचलेले नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही. पोटात गेले, पण विचारात राहिले. ते काय होते? मजुरी म्हणावी तर माझ्या ओढण्याने जाळे तसूभर तरी लवकर आले असेल की नाही याची शंका आहे. भिक्षा म्हणावी तर देणाऱ्याच्या स्वरात दयेचा लेश नव्हता. भेट म्हणावी तर त्याने 'वाटो' हा शब्द वापरला, आणि वाटा हा शब्द हिशेबातला आहे. माझ्या मते त्या माणसाने एका साध्या नियमाचे पालन केले : दोरास ज्याचा हात लागला तो जाळ्याचा. त्याने माझी हौस आणि त्याचे पोट यांतला भेद ओळखला नसेल असे मुळीच नाही. ओळखूनही त्याने तो बाजूस ठेवला. मी निवासाचे पैसे दिले होते, होडीचे भाडे दिले होते, सगळीकडे पावती घेतली होती. या एकाच ठिकाणी मला काहीतरी मिळाले ज्याची पावती नाही, आणि ते विकत घेतलेल्या साऱ्या गोष्टींहून जड आहे.

येथे एका परदेशी गोष्टीची आठवण होते. जर्मन लेखक हाइनरिश ब्योल याने १९६३ साली मे दिनानिमित्त एक छोटी गोष्ट लिहिली. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदरात एक कोळी होडीत डुलकी घेत असतो. एक प्रवासी त्याचे छायाचित्र काढतो. त्या आवाजाने कोळी जागा होतो. प्रवासी विचारतो, आज पुन्हा समुद्रावर का जात नाही? कोळी सांगतो की, पहाटेच भरपूर मासळी मिळाली, उद्यापरवाची सोय झाली. मग प्रवासी उत्साहाने मनोराज्य रचतो : रोज दोनतीनदा गेलास तर मोठी होडी येईल, मग कारखाना, मग हेलिकॉप्टर, आणि मग? मग तू निवांतपणे या बंदरात उन्हात डुलकी घेऊ शकशील. कोळी म्हणतो की, ते तर मी आताच करीत होतो. ही कथा नाव गाळून, देश बदलून, आज जगभर सांगितली जाते. निवृत्तीसमारंभातील भाषणात ती आपण सर्वांनी ऐकली आहे, बहुधा अशा वक्त्याकडून की ज्याने आयुष्यात अर्जित रजा कधी वाया जाऊ दिली नाही. त्या कोळ्याला मिळालेली मासळी मुख्यतः बांगड्याच्याच जातकुळीची होती, ही आपली एक मालवणी टीप.

गोष्ट सुंदर आहे, परंतु तिच्यावरून आपण काढतो तो निष्कर्ष मला मान्य नाही. आपण म्हणतो, पाहा, संतोष हा मनाचा गुण आहे. गरीब कोळ्याला जे कळले ते श्रीमंत प्रवाशाला कळले नाही. असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. त्या कोळ्याला उद्यापरवाची चिंता नव्हती, कारण त्याच्या समुद्रात मासळी शिल्लक होती. आणि ती शिल्लक होती कारण दुसऱ्या कोणी ती सगळी उपसली नव्हती. मालवणच्या रापणकऱ्याचे तसे नाही. पर्ससीनचे जाळे माशांच्या संपूर्ण थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळतात. थवाच्या थवा एका खेपेस वर येतो. किनाऱ्याकडे येणारी तारली व बांगडा वाटेतच अडला तर रापणकरी संतुष्ट राहून काय करणार? या प्रश्नावरून या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे संघर्ष झाला, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. पुढे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी आणली. बंदी आली म्हणजे प्रश्न मिटतो असे आपल्यासारख्यांनी तरी म्हणू नये. मुद्दा असा की, 'पुरे' हा शब्द एकट्याने उच्चारता येत नाही. समुद्र सामाईक असतो तेथे एकाचा संतोष दुसऱ्याच्या संयमावर अवलंबून असतो. आपल्या संतवाङ्मयाने समाधानाची थोरवी गायिली ती सार्थच आहे. पण समाधानाची ही दुसरी बाजू, ते शेजाऱ्याच्या हाती असते ही, आपण पुरेशी तपासलेली नाही.

आणि हीच गोष्ट विसाव्याची. विसावाही कोणी एकट्याने मिळवीत नाही. आपण ज्या रविवारी उशिरा उठतो तो आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना संघटित केले, मालकांकडे वर्षानुवर्षे मागणी केली, आणि १८९० साली गिरणीकामगारास रविवारची सुट्टी मिळाली. फ्रान्समध्ये कामगारांना वेतनासह पंधरा दिवसांची रजा कायद्याने मिळाली ती १९३६ च्या जूनमध्ये, मोठ्या संपानंतर. त्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा ठरविली. ॲरिस्टॉटलने विश्रांतीस मानवी जीवनाचे साध्य मानले आणि काम हे तिचे साधन ठरविले, परंतु त्याच्या नगरीत ती विश्रांती गुलामांच्या पाठीवर उभी होती आणि त्यास त्याचे वैषम्य वाटले नाही. लोखंड्यांच्या मार्गाने आलेला विसावा आणि ॲरिस्टॉटलच्या नगरीतील विसावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक सर्वांना मिळावा म्हणून कोणीतरी झगडले, दुसरा काहींना मिळावा म्हणून इतर राबले. मालवणात मी जो घेतला तो यांपैकी कोणता?

ज्या घरी आम्ही उतरलो त्या घरची गृहिणी पहाटे पाचास उठत असे. निवास व न्याहारी या नावाने चालणाऱ्या अशा घरांत पाहुण्याचा विसाव्याचा काळ तोच घरच्यांचा राबण्याचा काळ. दिवाळी, नाताळ, मे महिना हे आपले सुट्टीचे दिवस. तिचे ते सर्वांत दमणुकीचे. तिला रजा-नियम नाहीत. मी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली की, गणपतीत आम्ही पाहुणे घेत नाही. एवढीच तिची रजा, आणि ती तिने कोणाकडे मागितली नव्हती. हक्काने घेतली होती. आपण जे नियमानुसार करू शकत नाही ते ती करू शकते, हे पाहून मला बरे वाटले. मात्र त्या दिवसांतही ती आंब्याच्या टाळ्याइतकी स्वस्थ बसून असेल असे मानण्याचे कारण नाही. घरात गणपती आणि मुंबईची सगळी माणसे आलेली असतात.

मच्छीमारांच्या रजेची कथा आणखी विलक्षण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पूर्वी हे काम पावसाळी समुद्राचे भय आणि नारळी पौर्णिमेची रूढी यांनी केले. त्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर समुद्रास नारळ अर्पण होतो, नारळ लढविण्याची गंमत चालते, आणि सागर पुन्हा खुला झाला असे मानतात. आता कायदा आहे. परंतु या रजेचा हेतू पाहा : ती माणसाच्या विश्रांतीसाठी नाही. मासळीस अंडी घालावयास, वाढावयास अवधी मिळावा म्हणून ती आहे. होडीवाल्यास त्या काळात वेतन नाही. तो जाळी विणतो, लाकूड दुरुस्त करतो, उसनवारी करतो. दुसऱ्या जिवास विसावा मिळावा म्हणून स्वतः रिकामे राहणे, असा हा प्रकार आहे. रजेची याहून उदात्त कल्पना कोणत्याही शास्त्रात मी वाचलेली नाही. फक्त तिचा खर्च तिच्यासाठी सर्वांत कमी पैसा असलेल्या माणसाच्या माथी पडतो.

आणि कोकणातल्या मोठ्या नौकांवर खलाशी कोण असतात? त्यांतले पुष्कळसे नेपाळी. ज्याचे गाव दिल्लीच्याही पलीकडे, ज्याने वयात येईपर्यंत समुद्र पाहिला नसेल, तो माणूस बंदी लागली की वर्षातून एकदा घरी जातो. त्याला सवलत नाही आणि गटवर्षही नाही. तरीदेखील, घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या माणसाचे दुःख काय असते हे आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. त्या खलाशात आणि आपल्यात जितके अंतर आपण मानतो तितके ते नसावे.

माझ्या एका सहकाऱ्यापुढे मी हे सगळे मांडले, तेव्हा त्याने खास अर्थखात्याच्या पद्धतीने उत्तर दिले. तो म्हणाला, "तुम्ही पैसे दिले, त्यांनी सेवा दिली. व्यवहार पुरा झाला. पैसे दिल्यावरही ऋण शिल्लक राहते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या व्यवसायाचा अपमान आहे. त्यांना गिऱ्हाईक हवे, हळवा पाहुणा नको." हा आक्षेप हलका नाही. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला तो तेथील माणसांना रोजगार हवा होता म्हणूनच. गिऱ्हाईकाने सारखे डोळ्यांत पाणी आणून भातावर आमटी घ्यावी, असे कोणालाही वाटणार नाही. आपली भाषा याविषयी थोडी गोंधळलेली आहे खरी. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी जुनी व्युत्पत्ती. आज महिनाभर आधी आरक्षण करून येणाऱ्याला आपण त्याच शब्दाने गौरवितो. तिथी सांगून आलेला तो गिऱ्हाईकच, आणि गिऱ्हाईक असण्यात कमीपणा नाही.

तथापि सहकाऱ्याच्या हिशेबात एक रकमेची नोंद सुटली आहे. बिलावर खोलीचे भाडे होते, जेवणाच्या ताटांचे दर होते. ज्यासाठी आम्ही एवढा प्रवास केला ते बिलावर नव्हतेच. किनाऱ्यावर मोठ्या इमारती नव्हत्या, याचे पैसे कोणी लावले नाहीत. घर अजून जांभ्या दगडाचे आणि मंगलोरी कौलांचे होते, रात्री अंधार होता, आवाज लाटांचाच होता. ही सारी 'नसणी' आम्ही उपभोगली. आणि ती नसणी म्हणजे तेथील माणसांनी अद्याप न घेतलेला फायदा होय. जी गोष्ट आपल्या डोळ्यांस साधेपणा वाटते ती त्यांच्या दृष्टीने बहुधा न झालेला रस्ता, न आलेला डॉक्टर, मुंबईला निघून गेलेला मुलगा अशी असते. आपण परत निघताना म्हणतो, 'हे गाव असेच राहो.' हा आशीर्वाद आहे की शाप?

भूमध्य समुद्राच्या काठी हा प्रश्न आपल्या आधी विचारला गेला आणि त्याची निरनिराळी उत्तरे मिळाली. फ्रान्सच्या दक्षिणेस सें-त्रोपे हे कोळ्यांचे गाव. १८९२ साली चित्रकार पॉल सिन्याक शिडाच्या नौकेतून तेथे आला, त्याला तो प्रकाश आवडला. मागून इतर चित्रकार आले, १९५६ च्या एका चित्रपटाने गावाचे नाव जगभर नेले, आणि आज त्या बंदरात धनिकांच्या विलासनौका दाटीने उभ्या असतात. स्पेनमधील बेनिदोर्म याने वेगळी वाट धरली. तेथील नगरपालिकेने १९५६ मध्येच नगररचनेचा आराखडा केला आणि पुढे आकाशात चढणाऱ्या इमारती उभ्या केल्या. ज्या किनाऱ्यावर जाळी वाळत होती तेथे सामान्य मिळकतीचे लाखो लोक दरवर्षी उन्हात पडतात. रसिक मंडळी बेनिदोर्मच्या नावाने नाक मुरडतात. मला त्यांचे पटत नाही. सें-त्रोपे दिसावयास जुने राहिले आणि गरिबास परके झाले. बेनिदोर्म कुरूप झाले आणि कामगाराला परवडले. यांतले कोणते नैतिक, हे छायाचित्रावरून ठरत नाही. दोन्हींकडे कोळी मात्र चित्राच्या कडेला गेला, हे समान.

मग मालवणने काय व्हावे? याचे उत्तर देण्याचा अधिकार मालवणकरांचा आहे, आठ दिवस सोलकढी प्यालेल्या दिल्लीकराचा नाही. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. बाहेरच्यांना तो अडाणीपणा वाटला असेल, पण आपल्या समुद्राविषयीचा निर्णय आपणांस न विचारता झाला हे दुःख अडाणी नसते. माझा मुद्दा इतकाच की, 'भारतात कोठेही' हा रकाना कोराच राहत नाही. जेथे जेवलो, झोपलो, ज्याच्या दोरास हात लावला, तेथे सरकारी व्याख्येतला स्वग्रामाचा थोडासा अंश चिकटतोच. देणे लागते. ते हळवेपणाने फेडावयाचे नाही आणि जास्तीची बक्षिसी ठेवूनही नव्हे.

आपल्या वाचकवर्गाच्या बाबतीत तर हे देणे बरेच ठोस आहे. किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम प्रथम १९९१ साली आले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरांपर्यंत बांधकामास प्रतिबंध होता. एप्रिल २०१८ मध्ये नवा मसुदा निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये तो अंतिम झाला. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या गणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे असतील तेथे, तो पट्टा पन्नास मीटरांवर आला. यात कोळ्याला आपल्या घरावर छप्पर वाढविण्याची सोय झाली हे खरे, आणि दुसऱ्या कोणाला त्याच्या घराशेजारची जागा विकत घेण्याचे धैर्य आले हेही खरे. या कागदांवर टिपणी लिहिणारी, जोडपत्रे लावणारी, 'कृपया मान्यतेसाठी' म्हणून फाईल वर पाठविणारी माणसे दिल्लीतच राहतात. काही मयूर विहारातही राहत असतील. आणि त्यांपैकी कोणीतरी फेब्रुवारीत दांडीच्या वाळूवर आडवे झालेले असणार. सुट्टीत पाहिलेले डोळ्यांपुढे ठेवून टिपणी लिहावी की पूर्ण विसरून लिहावी? तटस्थतेचे शिक्षण आपणांस विसरावयास सांगते. मला वाटते, येथे विसरणे हीच पक्षपाताची सुरुवात आहे, कारण ज्याला त्या जागेतून काही कमवावयाचे असते तो काहीच विसरत नाही.

अशा मसुद्यांवर हरकती व सूचना पाठविण्यासाठी सामान्यतः साठ दिवसांची मुदत असते. एप्रिलच्या मध्यानंतर निघालेल्या मसुद्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत चालते, म्हणजे तिचे शेवटचे दिवस बंदीच्या काळात येतात. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. हरकत लिहावयास तेवढी सवड असते, मात्र मसुदा त्यांच्या भाषेत, त्यांच्या धक्क्यावर, त्याआधी पोचलेला हवा. गाझीपूरच्या मंडईत बर्फात घातलेली सुरमई किनाऱ्यावरून थोड्याच दिवसांत येऊन पडते. कागदाला उलट दिशेने जावयास किती दिवस लागतात, हे आपल्यापैकी ज्यांच्या हाती आवक-जावक आहे त्यांनी एकदा मोजून पाहावे.